पूर्ण वर्तमानकाळ

पीटरहेडला, बंदरामागच्या चर्चच्या हॉलात
मंगळवारी साडेसहाला इंग्रजी शिकवतात.
मी झेरॉक्स वाटते, चहा करते,
हीटरच्या मीटरमधलं नाणं संपलं की ओरडते.

बाई निवृत्त आहेत. नाव आयला बुकन.
लग्न झालं, नवरा वारला,
तरी गावासाठी मिस ती मिसच.
आज फळ्यावर शब्दही तोच:
मिस.
"एवढासा दिसतो," बाई म्हणाल्या,
"पण ह्याच्या पोटात काय काय आहे बघा."

बस चुकली, मिस.
नेम चुकला, मिस.
तासाला आला नाहीत, तेही मिस, आणि वर मी रागावणार.
टक्कर होता होता टळली, की निअर मिस.
दायवा दिवसभर फॅक्टरीत हॅडॉकचे काटे काढते,
तिला शब्दातलाही काटा लगेच लागतो:
"जवळजवळ चुकलं, म्हणजे लागलंच की!"
बाई खळखळून हसल्या.
"तुझं बरोबर आहे, पोरी. चूक आमच्या भाषेची."

मग आय मिस यू.
घस्सान बेकरीतून थेट आलेला, कोपरापर्यंत पीठ.
"म्हणजे मी तिच्यावर नेम धरला
आणि तो चुकला, असं?"
कुणी हसलं नाही.
बाई म्हणाल्या, असंही म्हणता येईल.

मी मागे बशा पुसत होते.
माझ्या भाषेत मला काहीच करावं लागत नाही,
आठवण येते.
तिची ती येते, न कळवता, जेवायच्या वेळेला,
आणि आपण फक्त दार उघडायचं.
इथे मात्र माणूस कर्ता.
स्वतःच चुकायचं, रोज,
आणि वाक्य बरोबर आलं म्हणून मान डोलवायची.

शेवटची वीस मिनिटं लिहायची.
मिसिंग वापरून एक वाक्य.
कुणी कोटाचं बटण लिहिलं,
कुणी समोरचा दात, कुणी जिगसॉचा तुकडा, आभाळाचा.
तेस्फालेमने लिहिलं:
माझा भाऊ सहा वर्षांपासून मिसिंग आहे.

बाईंचा हात सवयीचा.
लाल पेनाने इज खोडलं, वर हॅज बीन लिहिलं.
"तेव्हा सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही,
तिथे हे वापरायचं," म्हणाल्या,
आणि मग काय वाचलं ते त्यांना कळलं.
पेनाचं टोपण शोधत बसल्या. ते पेनालाच होतं.

माझ्या शाळेत ह्या काळाला पूर्ण म्हणायचे.

"आणि वॉज मिसिंग?" त्याने विचारलं.
"ते कधी म्हणतात?"
"सापडला की."
"फक्त तेव्हाच?"
मीटरमधलं नाणं संपलं. मी ओरडले नाही.
हीटरची नळी लाल होती, मग तपकिरी,
मग कुठल्याच रंगाची नाही.
बाई म्हणाल्या, "नाही. फक्त तेव्हाच नाही."

आमच्याकडे बेपत्ता म्हणतात.
मला वाटलं त्याला सांगावं,
की त्यात एवढंच आहे बघ, की पत्ता नाही.
माणूस नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.
पण हे इंग्रजीत कसं सांगायचं
ते मला येईना, आणि चहाही निवला होता.

त्याने रबर मागितलं.
लाल खुणेसकट सगळं पुसलं,
कागद जरा फाटला.
नवीन ओळीवर, पेन्सिल दाबून, सावकाश लिहिलं:
हॅज बीन.
तीनदा मोठ्याने वाचलं.
"करेक्ट?"
"करेक्ट," बाई म्हणाल्या.
त्याने स्वतःच समासात बरोबरची खूण केली.

आठ दहाची फ्रेझरबरोची बस
त्या दिवशी सगळ्यांचीच गेली.
बाईंच्या छोट्या गाडीत आम्ही पाच जण,
मांडीवर चहाचा थर्मास, काचेवर वाफ.
समुद्र उजवीकडे असणार, दिसत नव्हता.
बस चुकल्याला काय म्हणतात
ते आता प्रत्येकाला येत होतं.
कुणीच म्हटलं नाही.